पर्यटनातलं बीबीए: लेक हट्टाला पेटली आहे, अनुभवी मंडळींनी लिहावं

कोथरूडकर_आई | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि बागकामाचे धागे वाचते. स्वतः धागा काढायची ही पहिलीच वेळ.

लेक यंदा बारावी कॉमर्सला आहे. गुण चांगले मिळतात. बीकॉमला जाईल, बरोबरीने सीए फाउंडेशन देईल, असं घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. दिवाळीत पाडव्याला पान वाढलेलं असताना तिने सांगितलं की तिला पर्यटन विषय घेऊन बीबीए, म्हणजे व्यवसाय प्रशासनाची पदवी, करायचंय, तेही पुण्यात राहूनच. सासरे रेल्वेतून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "फिरायला डिग्री कशाला लागते गं?" तिचे बाबा काहीच बोलले नाहीत, आणि ते गप्प बसले की मला जास्त धास्ती वाटते.

मला तिचं मन मोडायचं नाही. पण तीन-चार वर्षं आणि एवढी फी घालून पुढे कुठल्या तरी काउंटरवर बसायची वेळ आली तर? या पदवीत नेमकं शिकवतात काय? त्यापेक्षा बीकॉम करून वर्षभराचा एखादा डिप्लोमा केला तर चालणार नाही का? आणि खरी काळजी सांगते: सहलींबरोबर जायचं म्हणजे रात्रीबेरात्रीचं काम. मुलीसाठी ते कितपत बरं?

ज्यांनी हे केलंय किंवा जे या धंद्यात आहेत त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

---

सिंहगडरोड_७२ | ९ नोव्हेंबर, रात्री १०.५०

ताई, बीकॉमच करू द्या. पाया पक्का राहतो आणि दारं सगळी उघडी राहतात. माझ्या भाच्याने असाच एक खास विषयाचा बीबीए केला आणि शेवटी बँकेच्या परीक्षाच दिल्या.

---

तिकीटखिडकी | १० नोव्हेंबर, सकाळी ८.०५

मी हीच पदवी पुण्यातून केली, २०१९ साली बाहेर पडले. आता खराडीतल्या एका कंपनीच्या प्रवास विभागात आहे, म्हणजे कर्मचाऱ्यांची विमानं, हॉटेलं, व्हिसा हे सगळं आमच्याकडे.

पहिल्या वर्षी आमच्या वर्गातली निम्मी मुलं गोंधळली होती. सगळ्यांना वाटलं होतं नकाशे असतील, सहली असतील. हातात पडलं ते अकाउंट्स, व्यवसायाचं अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मार्केटिंग. पर्यटनाचा भूगोल आणि सहल व्यवस्थापन होतं, पण पदवी व्यवसायाची आहे आणि पर्यटन हा तिचा विषय आहे, हे आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं. तुमच्या लेकीला आत्ताच सांगा. तरीही तिला करायचं असेल तर ती टिकेल.

तिसऱ्या वर्षी विमान तिकिटांची संगणकावरची आरक्षण प्रणाली शिकवली. अमेडियस, गॅलिलिओ, सेबर ही त्यातली मोठी नावं. काळा पडदा, त्यावर आज्ञा टाइप करायच्या, शहरांची तीन अक्षरी नावं पाठ करायची: पुणे म्हणजे पीएनक्यू, मुंबई म्हणजे बीओएम. मला ते फार आवडलं होतं. पण खरं शिकले नोकरीत, आणि तेही चुकून.

एका वयस्कर जोडप्याचं मुंबईहून परदेशाचं तिकीट मी काढलं. तारीख १२, वेळ ००.४०. तिकीट बरोबर होतं, नावं पासपोर्टप्रमाणे होती, मी पाठवून दिलं. १२ तारखेला संध्याकाळी पाच वाजता आजोबांचा फोन आला, "आम्ही आता पुण्याहून निघतोय." विमान त्याच दिवशी पहाटे, म्हणजे ११ तारखेच्या मध्यरात्रीनंतर चाळीस मिनिटांनी उडालं होतं. आजी मागे बोलत होत्या, डब्यात काय भरलंय ते सांगत होत्या. त्यांना हे कसं सांगितलं ते मला आजही आठवतं.

तेव्हापासून मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक तिकिटासोबत मी वेगळी ओळ लिहिते: "११ तारखेला दुपारी चारला पुणे सोडायचे." नंतर फोन करून तेच वाक्य समोरच्याकडून वदवून घेते.

पहिला पगार हातात १४ हजार होता. तो कमीच होता, हेही सांगायला हवं. तीन वर्षांनी बरा झाला.

---

पेठेतला_प्रवासी | १० नोव्हेंबर, दुपारी २.३०

माझं शनिवार पेठेत सहलींचं छोटं ऑफिस आहे, २२ वर्षं झाली. माझ्याकडे पदवी नाही, बीएस्सी अर्धवट. जे शिकलो ते खिशातून पैसे घालवून शिकलो, म्हणून या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

अष्टविनायकाचंच उदाहरण घेतो. पुण्यातल्या लहान ऑफिसांची चूल बऱ्याच अंशी याच सहलीवर पेटते. आठांतले पाच गणपती आपल्या जिल्ह्यात: मोरगाव, थेऊर, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री. सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यात, महड आणि पाली रायगडात. शास्त्रातला क्रम मोरगावपासून सुरू होतो, आम्ही मात्र रस्त्याच्या सोयीने जातो. पहिला मुक्काम ओझरला धरतो, कारण लेण्याद्रीच्या पायऱ्या ऊन चढायच्या आत चढून व्हायला हव्यात. गुडघे दुखणारी मंडळी प्रत्येक सहलीत असतात, त्यांचा विचार करूनच सगळं वेळापत्रक मागे-पुढे होतं.

आता हिशोब. आकडे समजायला सोपे घेतले आहेत. ३५ आसनी बस, दोन दिवस, डिझेल-टोलसकट ३६ हजार. बरोबरच्या माणसाचे ४ हजार. चालक आणि क्लीनर यांचं जेवण-मुक्काम २ हजार. फोन, बॅनर, किरकोळ १ हजार. झाले ४३ हजार, आणि हे बसमध्ये दहा जण असोत की पस्तीस, लागणारच. शिवाय माणशी खर्च: मुक्काम ६००, तीन जेवणं ५४०, दोन नाश्ते १४०, चहा-पाणी १२०. माणशी १,४००.

सीट ३,००० ला विकली (वर ५ टक्के जीएसटी, तो आपला नव्हेच) तर प्रत्येक सीटमागे १,६०० सुटतात. ४३ हजार भरून यायला २७ सीटा लागतात. २४ भरल्या तर ४,६०० रुपये खिशातले गेले. ३५ भरल्या तर १३ हजार राहिले. दोन दिवसांची धावपळ, महिनाभराची फोनाफोनी आणि ऑफिसचं भाडं यासाठी ते १३ हजार.

सुरुवातीची दोन वर्षं हा २७ चा आकडा मला माहीतच नव्हता. बस भरलेली दिसायची, लोक खूश असायचे, आणि महिनाअखेरीस खात्यात काही नसायचं. हा हिशोब पदवीच्या पहिल्या वर्षात एका तासात शिकवतात. ना नफा ना तोटा बिंदू. मला तो शिकायला दोन वर्षं आणि बायकोच्या पाटल्या लागल्या.

पुढची गंमत पुस्तकात अर्धीच असते. गुरुवारी संध्याकाळी २९ सीटा झाल्यात, शनिवारी पहाटे बस सुटणार. रिकामी सीट उरली तर ती संपली, दुधासारखी, दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. मग २,२०० ला दिली तरी ८०० सुटतात, का देऊ नये? हिशोब सांगतो द्या. पण थेऊर येईपर्यंत बसमध्ये "तुम्ही किती भरले?" हे एकमेकांना विचारून झालेलं असतं. ३,००० भरलेल्या काकू पुढच्या वर्षी काशीला दुसऱ्याबरोबर जातात. मी शेवटच्या क्षणी भाव पाडत नाही. सीट रिकामी नेतो.

---

कोथरूडकर_आई | १० नोव्हेंबर, रात्री ९.२०

काका, तुमचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला. सासऱ्यांनी आकडे पुन्हा वाचायला लावले. लेक मध्येच म्हणाली, "आई, हे आम्हाला बारावीच्या अकाउंट्समध्ये नाहीये पण मला कळलं." एक विचारू? लोक पैसे आधी भरतात, मग तुमचे पैसे अडकायचा प्रश्न कुठे येतो?

---

पेठेतला_प्रवासी | ११ नोव्हेंबर, सकाळी ११.००

ताई, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

लोक पैसे आधी भरतात, म्हणूनच या धंद्यातली माणसं बुडतात. मे महिन्यातल्या काश्मीरचे पैसे जानेवारीत खात्यात येतात. शिल्लक फुगलेली दिसते. त्यातून फेब्रुवारीच्या सहलीची बस भागवली जाते, मग मार्चमध्ये आलेल्या पैशातून काश्मीरची हॉटेलं. चाक फिरत असतं तोवर कळत नाही.

मार्च २०२० मध्ये चाक थांबलं. माझ्याकडे ६१ कुटुंबांचे पैसे होते. विमान कंपनीने रोख परत न देता पुढच्या प्रवासासाठी जमा करून ठेवले. हॉटेलवाले म्हणाले पुढच्या वर्षी या. आणि माझ्याकडे निवृत्त शिक्षक येऊन हात जोडून म्हणत होते, औषधाला हवेत, जमेल तेवढे द्या. मी सगळ्यांचे परत केले, १९ महिने लागले. खेड-शिवापूरची गुंठेवारीतली जमीन विकली.

आता ऑफिसची दोन खाती आहेत. लोकांची आगाऊ रक्कम एका खात्यात, आणि बस सुटेपर्यंत तिला हात लावायचा नाही. तुमच्या लेकीने चार वर्षांत एवढं एक जरी अंगात भिनवलं, तरी तिची फी वसूल झाली असं मी समजेन. ज्याचे पैसे त्याने वर्षभर साठवलेले असतात, आणि रजाही.

---

वर्गाबाहेर | ११ नोव्हेंबर, रात्री ८.४५

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी काही वर्षं पाहुणी शिक्षिका म्हणून हा विषय शिकवला आहे. थॉमस कुकची पहिली सहल प्रत्येक पुस्तकात असते: ५ जुलै १८४१, लेस्टर ते लफबरो, माणशी एक शिलिंग, सुमारे ५०० लोक. मुलं तारीख पाठ करतात. मी त्यांना विचारायचे, त्याच कुकच्या नावाची ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ ला बंद पडली, तेव्हा दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवासी परदेशात अडकले, त्यांना सरकारने आणलं. पैसे तर सगळ्यांनी आधी भरले होते, मग गेले कुठे? (भारतातली त्याच नावाची कंपनी वेगळ्या मालकीची आहे, ती सुरूच राहिली.) हा तास मुलांना आवडायचा.

प्रवेशाबद्दल: २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा लागू झाली. तेव्हापासून काही ठिकाणी अभ्यासक्रमांची नावं बदलली. म्हणून नावावर जाऊ नका. महाविद्यालयाकडे तिन्ही वर्षांची विषयांची यादी मागा आणि पर्यटनाचे पेपर खरंच किती आहेत ते मोजा. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष ऑनर्सचं. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची संस्थाही आहे, भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था, १९८३ ची, मुख्य ठिकाण ग्वाल्हेर. पण पुण्यात राहूनच करायचं म्हणताय म्हणून त्यात शिरत नाही.

एक आग्रहाने सांगते: पहिल्या वर्षापासून परदेशी भाषा. पुण्यात राहून हे केलं नाही तर हाती आलेलं सोडल्यासारखं आहे. फर्ग्युसन रस्त्यावर विद्यापीठाची रानडे इन्स्टिट्यूट आहे, जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन आहे. अजिंठ्याला जपानी पाहुण्यांना जपानीतून समजावून सांगू शकणारी मुलगी काउंटरवर बसत नाही.

---

नाव_नको | १२ नोव्हेंबर, रात्री ११.१०

दुसरी बाजूही लिहिते. आमच्या महाविद्यालयाने "शंभर टक्के नोकरी" असं पत्रकावर छापलं होतं. शेवटच्या वर्षी ज्या मुलाखती आल्या त्या सगळ्या सुट्ट्यांच्या सभासदत्वाच्या (आगाऊ पैसे भरून दरवर्षी रिसॉर्टवर राहायच्या योजनांच्या) विक्रीच्या होत्या. म्हणजे दिवसभर फोन करायचे, "अभिनंदन, आपण निवडले गेला आहात." इंटर्नशिपला मला दोन महिने तेच करायला लावलं आणि शेवटी प्रमाणपत्रासाठी विक्रीचं लक्ष्य पूर्ण करायची अट घातली. मी बाहेर पडले आणि प्रमाणपत्राशिवाय राहिले.

ताई, प्रवेश घेण्याआधी गेल्या वर्षीच्या तीन मुलांचे नंबर मागा. महाविद्यालय देत नसेल तर तेही उत्तरच आहे.

---

दुसरं_वर्ष | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

मी आत्ता शिकतोय, दुसऱ्या वर्षाला. माझं गाव मावळात.

जुलैमध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले जागतिक वारशात गेले. त्यातले तीन पुणे जिल्ह्यातले: शिवनेरी, राजगड, लोहगड. आमच्या मॅडमनी प्रकल्प दिला की लोहगडाच्या पायथ्याशी जाऊन बघा, आलेल्या माणसाच्या खिशातला रुपया गावात किती राहतो. पुस्तकात याला गळती म्हणतात. मी तीन रविवार गेलो.

एका टपरीवाल्या मावशींनी सांगितलं की दहाच्या वेफर्सच्या पुडीमागे त्यांना रुपया-सव्वा रुपया सुटतो. बाकीचे नऊ रुपये गावात थांबतच नाहीत. पुडीचं कागद मात्र गावातच राहतं. पुढे एका घरात पिठलं-भाकरीचं ताट १५० ला होतं. बेसन तेवढं दुकानातलं, बाकी ज्वारी, मिरची, कांदा, ताक शेजारपाजारचं. हिशोब मांडला तर शंभराच्या वर रुपये गावात राहतात. मी त्या काकूंना कागदावर दाखवलं. त्यांनी कागद मागून घेतला आणि फळीवर डब्याखाली ठेवला.

बटलर नावाच्या अभ्यासकाने १९८० मध्ये पर्यटनस्थळाचं आयुष्य मांडलंय: शोध, सहभाग, विकास, स्थिरावणं, मग साचलेपण, आणि पुढे एकतर घसरण किंवा नवा जन्म. परीक्षेत समुद्रकिनाऱ्यावरची परदेशी उदाहरणं लिहितात. मी लोणावळा लिहिला. भुशी धरणाजवळ जून २०२४ मध्ये एक कुटुंब वाहून गेलं, पाच जण गेले. १५ जून २०२५ ला इंद्रायणी नदीवरचा कुंडमळ्याचा पूल पडला. आमच्या घरापासून तो फार लांब नाही, त्या रविवारी दिवसभर रुग्णवाहिकांचे आवाज येत होते. एका जागेवर एका वेळी किती माणसं मावतात हे कोणीतरी मोजायला हवं, आणि मोजायची रीत मला इथे शिकायला मिळतेय. म्हणून मी हे शिकतोय.

---

शिवनेरी_पायथा | १४ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

मावळच्या भाऊ, फार छान काम केलंस. आमचं जुन्नरजवळ कृषी पर्यटन केंद्र आहे, चार खोल्या आणि द्राक्षबाग. तुझ्यासारखी पोरं आम्हाला हवीत. आमच्याकडे इंटर्नशिपला पोरं येतात ती इन्स्टावर रील करून देतो म्हणतात. मला रील नको, मंगळवार-बुधवार रिकामे जातात त्याचं काय करू ते सांगणारं कोणी हवं. तुझ्या मॅडमना सांग, दोन पोरं मे महिन्यात पाठवा, राहणं-जेवण आमच्याकडे, वर मानधनही देऊ.

---

बॅग_भरलेली | १४ नोव्हेंबर, रात्री १०.००

मुलींच्या प्रश्नावर कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी नऊ वर्षं सहली घेऊन जाते. राजस्थान, केरळ, दोनदा युरोप.

काम रात्रीचं आहेच. सगळ्यांच्या खोल्यांची किल्ली देऊन झाली, कोणाला उशी हवी, कोणाचा गीझर चालत नाही हे बघून झालं, की साडेअकराला आपण जेवतो. पहाटे पाचला पहिला फोन आपणच करायचा. भीती मला प्रवाशांची कधी वाटली नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून बसमधल्या आज्या आपल्याला लेक मानतात.

मुलाखतीत दोन गोष्टी विचारायच्या. मला स्वतंत्र खोली मिळणार का? आणि अडचण आली तर रात्री दोन वाजता ऑफिसातला कोणता माणूस फोन उचलणार, त्याचं नाव काय? पहिल्या कंपनीत त्यांना नाव सांगता आलं नाही, मी गेले नाही. दुसरीत मालकीणबाईंनी स्वतःचा नंबर दिला. तिथेच आहे.

---

कोथरूडकर_आई | ३० नोव्हेंबर, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. पंधरा दिवस उत्तर दिलं नाही, त्याला कारण आहे.

लेकीने हा धागा सासऱ्यांना पूर्ण वाचून दाखवला. ते म्हणाले, "मग करून दाखव. तुझ्या आजीच्या भजनी मंडळाला अष्टविनायक न्यायचंय, मांड हिशोब." सोळा जणी आहेत. ती चार दिवस वही घेऊन बसली, तीन गाड्यांचे भाव काढले, ओझरला फोन केला. १७ आसनी टेम्पो ट्रॅव्हलर, मधल्या वारी गाडी स्वस्त मिळते म्हणून मंगळवार-बुधवार, ६ आणि ७ जानेवारी. माणशी ३,१५० येतात. नफा धरलेला नाही. काका, वहीच्या पानाचा फोटो तुम्हाला निरोपात पाठवला आहे, बघाल का?

---

पेठेतला_प्रवासी | १ डिसेंबर, सकाळी १०.४०

पाहिलं. अक्षर सुरेख आहे, आणि प्रत्येक रकमेपुढे कोणाशी बोलली, किती वाजता, हे लिहिलंय. माझ्याकडच्या माणसाला मी हे सहा महिने सांगतोय.

तीन गोष्टी. चालकाचं जेवण धरलेलं नाही. सतराव्या सीटवर ती स्वतः बसणार, तिचा मुक्काम-जेवण सोळा जणींत वाटलेलं नाही.

आणि ६ जानेवारी. मंगळवार आहे आणि संकष्टी आहे, म्हणजे अंगारकी. त्या दिवशी एकेका देवळात तास-दोन तास रांग लागेल, मोरगाव-सिद्धटेकलाच दिवस मावळेल, ओझर रात्री बाराच्या आत येणार नाही. तिला म्हणावं तारीख ठरवताना गाडीच्या भावाआधी कालनिर्णय उघडायचं.

---

कोथरूडकर_आई | १ डिसेंबर, रात्री ८.१०

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं पोरीने मुद्दाम अंगारकी धरली, म्हणून मी सगळ्यांना उपासाचं सांगून ठेवलंय."

आता ८ आणि ९ जानेवारी ठरले, गुरुवार-शुक्रवार. अंगारकीला ज्यांना जायचं त्या सारसबागेतल्या गणपतीला जातील. माणशी रक्कम ३,३५० झाली, ती का वाढली हे लेकीने सोळाही जणींना स्वतः फोन करून सांगितलं. गाडीवाल्याला तारीख बदलल्याचा फोन तिच्या बाबांनी करतो म्हटलं, तर तिने करू दिला नाही.

सीईटीचा अर्ज सुटला की भरणार आहोत. लोकांनी दिलेले आगाऊ पैसे तिने आजीच्या पोथीच्या कपाटात वेगळ्या डब्यात ठेवले आहेत, वर चिठ्ठी लावून.